समुद्रापार जाणाऱ्या आगबोटी आणि त्यांच्या कंपन्यांची चढाओढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायटॅनिकमुळे बऱ्याच जणांना या विषयाची गोडी लागते आणि मग एकामागून एक प्रश्न सुरू होतात, ते साधारण सारखेच असतात म्हणून इथे एकत्र करून ठेवलेत. क्रम काळाप्रमाणे आहे पण काटेकोर नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, या सगळ्या इतिहासात झुंबरं आणि नक्षीदार जिने यांच्याकडेच सगळ्यांचं लक्ष जातं आणि कंपन्या जगल्या त्या टपालाच्या थैल्यांवर आणि खालच्या डेकवरच्या गरीब प्रवाशांवर, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे उत्तरांत ते पुन्हा पुन्हा येईल.

लायनर म्हणजे काय? क्रूझ शिप आणि लायनर एकच ना?

नाही. लायनर म्हणजे वेळापत्रकाची एसटी आणि क्रूझ म्हणजे सहलीची गाडी. लायनर एका ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या दिवशी सुटायची, माणसं आणि टपाल इकडून तिकडे पोचवायची, मग समुद्र खवळलेला असो नाहीतर धुकं असो. म्हणून तिची बांधणी जास्त मजबूत, पुढचं नाक लांब आणि धारदार, इंजिन गरजेपेक्षा ताकदवान. शिडाच्या जहाजांच्या काळातही न्यूयॉर्कची ब्लॅक बॉल लाइन १८१८ पासून ठरलेल्या तारखेला जहाज सोडायची, भरो न भरो, तेव्हापासून ही 'लाइन'ची पद्धत पडली. पण सुटायची तारीख ठरवता आली तरी पोचायची वाऱ्यावर अवलंबून, आणि तिथेच वाफेचा उपयोग झाला.

अटलांटिक पार करणारी पहिली आगबोट कोणती?

इथे लोक 'सव्हाना'चं नाव घेतात, १८१९ ची अमेरिकन बोट, पण तिने बहुतेक सगळा प्रवास शिडावरच केला, इंजिन थोडेच तास चाललं. खरी सुरुवात एप्रिल १८३८ मध्ये झाली आणि तीसुद्धा शर्यतीनेच. इझमबार्ड ब्रुनेल नावाचा इंजिनिअर ब्रिस्टलमध्ये 'ग्रेट वेस्टर्न' बांधत होता, तिला गाठायचं म्हणून विरोधी कंपनीने 'सिरियस' नावाची छोटी, आयर्लंड-लंडन मार्गावरची बोट भाड्याने घेतली आणि ४ एप्रिलला कॉर्कहून सोडली. ग्रेट वेस्टर्नला त्याआधीच आग लागली होती, ब्रुनेल स्वतः पडून जखमी झाला, बातमी पसरल्यावर बहुतेकांनी तिकिटं रद्द केली आणि फक्त ७ प्रवासी उरले. ती ८ एप्रिलला निघाली. सिरियस २२ तारखेला न्यूयॉर्कला पोचली, १८ दिवसांत, आणि ग्रेट वेस्टर्न दुसऱ्याच दिवशी, १५ दिवसांत.

पहिला नंबर सिरियसचा, पण जिंकली ग्रेट वेस्टर्नच असं मी म्हणेन, कारण सिरियसचा कोळसा संपत आला होता आणि ग्रेट वेस्टर्नकडे सुमारे २०० टन शिल्लक होता. ब्रुनेलचा हिशेब साधा होता, जहाज मोठं केलं की आतली जागा घनाच्या प्रमाणात वाढते आणि पाण्याचा अडथळा फक्त वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे मोठ्या बोटीला टनामागे कोळसा कमी लागतो. पुढच्या शंभर वर्षांत बोटी मोठ्या मोठ्या का होत गेल्या याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे.

क्युनार्ड कोण होता? आणि नावाआधी आरएमएस का लावायचे?

सॅम्युअल क्युनार्ड हा कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा व्यापारी. ब्रिटिश सरकारला अटलांटिकपार टपाल न्यायला भरवशाची बोट हवी होती, १८३९ मध्ये कंत्राट क्युनार्डला मिळालं, वर्षाला ६० हजार पौंडांच्या आसपास. ग्लासगोच्या रॉबर्ट नेपियरने इंजिनं दिली, चार सारख्या बोटी बांधल्या, आणि ४ जुलै १८४० ला 'ब्रिटानिया' लिव्हरपूलहून सुटली, साधारण साडेबारा दिवसांत हॅलिफॅक्स आणि तिथून पुढे बॉस्टन. प्रवाशांची सोय ११५ जणांची, ताज्या दुधासाठी बोटीवर गाय. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स याच बोटीने गेला आणि केबिन इतकी अरुंद होती की त्याने मनसोक्त तक्रार लिहून ठेवली.

आरएमएस म्हणजे रॉयल मेल स्टीमर किंवा शिप, सरकारी टपाल नेणारी बोट. ती अक्षरं असणं म्हणजे नुसता मान नव्हता, दर वर्षाचे नक्की पैसे होते, प्रवासी आले नाहीत तरी कोळशाचा खर्च निघायचा. क्युनार्डचा कॅप्टनांना कायमचा आदेश होता तो सुरक्षिततेचा, वेग दुसऱ्या नंबरला. १८४३ मध्ये त्यांची 'कोलंबिया' खडकावर आपटून गेली पण एकही माणूस दगावला नाही. आणि १८४४ च्या हिवाळ्यात बॉस्टनचं बंदर गोठलं तेव्हा गावकऱ्यांनी स्वतः बर्फ कापून ब्रिटानियाला वाट करून दिली, आपलं टपालाचं बंदर न्यूयॉर्ककडे जाऊ नये म्हणून!

मग क्युनार्डला टक्कर कोणी दिली? कॉलिन्स लाइनचं काय झालं?

या प्रश्नाचं उत्तर जरा मोठं आहे पण मला हा भाग सगळ्यात जास्त हलवून जातो.

एडवर्ड नाइट कॉलिन्स हा न्यूयॉर्कचा शिडाच्या जहाजांचा मालक. अमेरिकन काँग्रेसला वाटलं ब्रिटिशांच्या हातात सगळं टपाल का म्हणून, तर त्यांनी कॉलिन्सला वर्षाला ३ लाख ८५ हजार डॉलर द्यायचं कबूल केलं आणि १८५० मध्ये त्याच्या चार बोटी उतरल्या: अटलांटिक, पॅसिफिक, आर्क्टिक आणि बाल्टिक. क्युनार्डच्या बोटींपेक्षा मोठ्या, वाफेवर गरम होणाऱ्या खोल्या, न्हाव्याचं दुकान, चांगलं जेवण, आणि वेग इतका की १८५१ मध्ये १० दिवसांच्या आत अटलांटिक पार झाला. लोक खूष, पण लाकडी बांधणी आणि त्यात ती दणकट इंजिनं, प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती, कोळसा बेसुमार. १८५२ मध्ये काँग्रेसने मदत वाढवून ८ लाख ५८ हजार केली तरी पुरेना.

२७ सप्टेंबर १८५४ ला न्यूफाउंडलंडजवळ धुक्यात 'आर्क्टिक' पूर्ण वेगाने चालली होती आणि 'व्हेस्टा' ही छोटी फ्रेंच लोखंडी बोट येऊन आदळली. व्हेस्टा बंदराला पोचली. आर्क्टिक काही तासांत बुडाली, बोटीवर चारशेच्या आसपास माणसं, वाचली ती ८०-९०, जास्त करून खलाशी, आणि त्यात एकही बाई नाही, एकही मूल नाही. बुडालेल्यांत कॉलिन्सची बायको आणि दोन मुलंही होती. आपल्या स्वतःच्या कंपनीच्या वेगाच्या हट्टाने आपलं घर जावं याहून मोठं दुःख कुठलं. तरी तो थांबला नाही, मग जानेवारी १८५६ मध्ये 'पॅसिफिक' लिव्हरपूलहून निघाली आणि परत कधी दिसलीच नाही. काँग्रेसने मदत कापली आणि १८५८ मध्ये लाइन बंद. क्युनार्ड होता तिथेच राहिला, मंद पण जिवंत.

या कंपन्यांना खरा नफा कुठून मिळायचा? फर्स्ट क्लासमधून ना?

सगळ्यांना असंच वाटतं. फर्स्ट क्लासने नाव मिळायचं, जाहिरात व्हायची, पण गल्ला भरायचा तो मोठ्या प्रमाणात स्टीअरेज म्हणजे खालच्या डेकवरच्या तिसऱ्या वर्गातून. एका श्रीमंताला सूट, सलून, वेटर, बर्फ, वाइन सगळं द्यायचं, आणि खाली तेवढ्याच जागेत कितीतरी माणसं फळ्यांच्या बर्थवर झोपायची, साधं जेवण, तिकीट स्वस्त पण माणसं हजारांनी.

हे आधी ओळखलं विल्यम इनमनने. १८५० मध्ये त्याने 'सिटी ऑफ ग्लासगो' घेतली, लोखंडी अंगाची आणि मागे पंखा असलेली, बाजूच्या चाकांची नव्हे, त्यामुळे कोळसा कमी लागायचा, जागा जास्त उरायची, आणि टपालाच्या पैशाशिवाय ती धंदा करू शकत होती. आयर्लंडमधल्या दुष्काळानंतर लाखो लोक अमेरिकेला निघाले होते, शिडाच्या जहाजात पाच-सहा आठवडे, रोगराई, उपासमार, आणि इनमनने त्यांना वाफेवर दोन-अडीच आठवड्यांत नेलं. ती बोट स्वतः १८५४ मध्ये सुमारे ४८० माणसांसकट बेपत्ता झाली, पण त्याची कल्पना टिकली आणि सगळ्यांना, अगदी क्युनार्डलासुद्धा, नंतर तिसरा वर्ग घ्यावा लागला.

पुढे युरोपातल्या कंपन्यांनी तर या गरिबांची आपसात वाटणी केली. १८९२ मध्ये हापाग, नॉर्डडॉइचर लॉइड, हॉलंड अमेरिका आणि रेड स्टार या लाइन्सनी करार केला की स्टीअरेजच्या प्रवाशांचा कोणाला किती टक्के हिस्सा. बाहेरून शर्यत, आतून हिशेब! रशियातून, पोलंडमधून छळाला कंटाळून निघालेले ज्यू, स्लोव्हाक शेतकरी, दक्षिण इटलीतले मजूर, यांच्या तिकिटांवर ते राजवाडे तरंगत होते.

व्हाइट स्टार लाइन कशी सुरू झाली?

नाव जुनं होतं, ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या काळातलं. ती कंपनी बुडाल्यावर १८६८ मध्ये थॉमस इस्मेने नाव आणि झेंडा १ हजार पौंडांना विकत घेतला. मग गुस्ताव श्वाबे नावाच्या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने पैसे उभे करून द्यायचं कबूल केलं, अट एकच, बोटी बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फकडेच बांधायच्या (तिथला वुल्फ हा श्वाबेचा भाचा). १८७१ ची 'ओशनिक' आली आणि बाकीच्या बोटी एकदम जुनाट दिसायला लागल्या. तोवर फर्स्ट क्लास मागच्या बाजूला असायचा, जिथे इंजिनाचा धक्का आणि हेलकावे जास्त, इस्मेने तो मध्यभागी आणला. ज्यांना बोट लागते त्यांना या एका बदलाची किंमत लगेच कळेल. केबिनमध्ये नळाचं पाणी, विजेची घंटा, जेवणाच्या टेबलाला बाकांऐवजी खुर्च्या.

दोनच वर्षांत, १ एप्रिल १८७३ ला, त्यांची 'अटलांटिक' कोळसा कमी पडेल या भीतीने हॅलिफॅक्सकडे वळली आणि खडकावर गेली, ५०० च्या वर माणसं गेली. टायटॅनिकच्या आधीचा हा व्हाइट स्टारचा मोठा अपघात.

नावांवरून कंपनी ओळखायची सोपी खूण: शेवटी 'इया' असेल तर क्युनार्ड (मॉरेटानिया, लुसिटानिया), 'इक' असेल तर व्हाइट स्टार, सुरुवातीला 'सिटी ऑफ' असेल तर इनमन.

ब्लू रिबँड म्हणजे ट्रॉफी होती का?

सुरुवातीला काहीच नव्हतं, नुसता मान. अटलांटिक सगळ्यात जास्त सरासरी वेगाने पार करणाऱ्या बोटीला लोक तो द्यायचे, आणि हिशेब पश्चिमेकडे जाणाऱ्या फेरीचा, कारण तिकडे जाताना प्रवाह आणि वारा विरुद्ध. ट्रॉफी आली ती १९३५ मध्ये, हेल्स नावाच्या ब्रिटिश खासदाराने दिली.

जर्मन कंपन्या मध्येच कुठून आल्या?

मध्येच नाही, हॅम्बुर्गची हापाग १८४७ ची आणि ब्रेमेनची नॉर्डडॉइचर लॉइड १८५७ ची, पण त्या बरीच वर्षं आपल्या बोटी ब्रिटनमध्ये बांधून घ्यायच्या. मग १८९७ मध्ये लॉइडने 'कैसर व्हिल्हेल्म डेर ग्रोसे' काढली, स्टेटिनच्या कारखान्यात बांधलेली, चार धुराडी, आणि तिने ब्रिटिशांचा विक्रम मोडला. १९०० मध्ये हापागने 'डॉइचलँड' काढून आपल्याच देशातल्या कंपनीचा विक्रम मोडला.

चार धुराड्यांचं वेड इथूनच. खेड्यातून आलेला, समुद्र कधी न पाहिलेला माणूस धुराडी मोजून बोट किती मोठी आणि सुरक्षित ते ठरवायचा, म्हणून पुढे टायटॅनिकला चौथं धुराडं लावलं तेव्हा त्यातून बॉयलरचा धूर जात नव्हता, हवा खेळती ठेवायला ते वापरलं.

डॉइचलँड वेगवान होती पण थरथर इतकी की प्रवासी हैराण. हापागचा प्रमुख अल्बर्ट बालिन यातून शिकला, विक्रमाचा नाद त्याने सोडला आणि मोठ्या, स्थिर, आरामशीर बोटी केल्या, १९०५ च्या 'अमेरिका'वर तर रिट्झचं रेस्टॉरंट. हिवाळ्यात अटलांटिकवर गिऱ्हाईक नसतं म्हणून १८९१ मध्ये त्याने 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' भूमध्य समुद्रात सहलीला पाठवली, क्रूझचा धंदा तिथून वाढला. आणि १८९२ ला हॅम्बुर्गमध्ये कॉलरा झाला, हजारो लोक मेले, दोष परदेशी जाणाऱ्या गरिबांवर आला, तेव्हा बालिनने त्यांच्यासाठी फेडेल बेटावर वेगळी वसाहत बांधली, १९०१ पासून, झोपायची सोय, डॉक्टर, ज्यूंसाठी कोशर जेवण, प्रार्थनेची जागा. त्यात धंद्याचा स्वार्थ होता हे उघड आहे, आजारी प्रवासी न्यूयॉर्कहून परत पाठवला तर खर्च कंपनीलाच. पण इतकी नीट सोय बाकी कोणी केली? मला तो माणूस मोठा वाटतो. ९ नोव्हेंबर १९१८ ला, जर्मन साम्राज्य कोसळलं त्याच दिवशी, झोपेच्या गोळ्यांनी तो गेला.

टायटॅनिक ब्रिटिश होती की अमेरिकन? आणि ती विक्रम करायला निघाली होती हे खरं का?

झेंडा ब्रिटिश, पैसा अमेरिकन. जे. पी. मॉर्गन या अमेरिकन बँकवाल्याने १९०२ मध्ये बऱ्याच बोट कंपन्या एकत्र करून एक अवाढव्य समूह केला आणि व्हाइट स्टार त्यात गेली. ब्रिटिश सरकार हादरलं, उरली फक्त क्युनार्ड, मग तिला २६ लाख पौंडांचं स्वस्त कर्ज आणि वर्षाला दीड लाख पौंड दिले, अट ही की बोटी युद्धात नौदलाला वापरता यायला हव्यात. त्यातून १९०७ मध्ये लुसिटानिया आणि मॉरेटानिया आल्या, पार्सन्स नावाच्या इंजिनिअरने काढलेल्या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या. मॉरेटानियाने १९०९ ला साडेचार दिवसांच्या आत अटलांटिक पार केला आणि तो विक्रम १९२९ पर्यंत टिकला, वीस वर्षं!

आता दुसरा भाग: नाही. व्हाइट स्टारने या वेगाच्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं होतं. ऑलिंपिक, टायटॅनिक, ब्रिटानिक या तीन बहिणी आकारासाठी आणि आरामासाठी होत्या, वेग २१-२२ नॉट (तासाला तितके सागरी मैल), मॉरेटानिया २६ ने धावायची, विक्रम शक्यच नव्हता. बर्फाच्या सूचना मिळूनही वेग कमी केला नाही हे खरं, पण ती त्या काळची सगळ्याच लाइनर्सची सवय होती, वेळापत्रक पाळायची.

लाइफबोटींचं विचारतात म्हणून तेही सांगते. बोटीवर २,२०० च्या वर माणसं, लाइफबोटींत जागा १,१७८ जणांना, आणि हे कायदेशीर होतं, कारण ब्रिटिश नियमांचा तक्ता १८९४ चा आणि तो १० हजार टनांवर संपायचा. टायटॅनिक होती ४६ हजार टनांची. १५ एप्रिल १९१२ ला दीड हजारांच्या आसपास लोक गेले, फर्स्ट क्लासचे साधारण ६० टक्के वाचले आणि तिसऱ्या वर्गातले २५ टक्के. ज्यांच्या तिकिटावर धंदा उभा होता त्यांचीच ही गत. वाचलेल्या सातशेहून जास्त लोकांना उचललं कोणी, तर क्युनार्डच्या 'कार्पेथिया'ने, म्हणजे स्पर्धक कंपनीच्याच बोटीने, कॅप्टन रॉस्ट्रनने रात्री बर्फातून ती जेवढी पळेल तेवढी पळवली. नंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

इंजिनमध्ये कोळसा कोण टाकायचं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि विचारायलाच हवा. मॉरेटानियावर २५ बॉयलर, १९२ भट्ट्या, दिवसाला हजार टनांच्या आसपास कोळसा, आणि तो सगळा फावड्याने. तीनशेच्या वर माणसं फक्त या कामावर, चार तास काम आठ तास विश्रांती, दिवसरात्र. काही जण बंकरमधून, म्हणजे कोळशाच्या कोठारातून, कोळसा ढकलगाडीने आणायचे, काही जण भट्टीत टाकायचे, काही राख काढायचे. बोट डोलत असताना तापलेल्या भट्टीचं दार उघडून नेम धरून कोळसा पसरायचा, एका जागी ढीग झाला तर वाफ पडते. कोणी उष्म्याने कोसळायचं, कोणी वेडंपिसं होऊन समुद्रात उडी टाकायचं. वरच्या डेकवर वाद्यवृंद वाजत असायचा. पहिल्या महायुद्धानंतर बोटी तेलावर गेल्या आणि खालची माणसं शेकड्यांनी कमी झाली.

मुंबईचा या सगळ्याशी काय संबंध?

खूप, फक्त अटलांटिकऐवजी सुएझच्या वाटेने. मुंबईच्याच गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही छोटी आगबोट २० मार्च १८३० ला सुएझला निघाली. तिच्यात साडेपाच दिवसांचा कोळसा मावायचा आणि एडनपर्यंतच ११ दिवस लागत होते, म्हणून जिथे जागा दिसेल तिथे कोळसा भरला, आणि ती पोचली. महिन्याच्या वर लागला पण आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जाण्यापेक्षा कितीतरी लवकर. त्या काळी सुएझला उतरून उंट-गाड्यांनी कैरो, मग अलेक्झांड्रिया आणि तिथून दुसरी बोट. १८५४ पर्यंत मुंबईचं टपाल ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार न्यायचं, नंतर ते पी अँड ओ या ब्रिटिश बोट कंपनीला मिळालं, आणि मुंबईच्या चार-पाच पिढ्यांसाठी विलायतेची बोट म्हणजे पी अँड ओ.

१८६९ ला सुएझ कालवा उघडला तेव्हा पी अँड ओ ला आनंदापेक्षा चिंता जास्त, कारण कालव्याच्या दोन्ही बाजूंना तिचा पसारा होता आणि आता कोणाचीही बोट थेट येऊ शकणार होती. त्यात ब्रिटिश टपाल खातं काही वर्षं अडून बसलं की थैल्या अलेक्झांड्रियाला उतरवून रेल्वेनेच न्यायच्या, बोट कालव्यातून गेली तरी! ब्रुनेलची ती प्रचंड 'ग्रेट ईस्टर्न', ४ हजार प्रवाशांसाठी बांधलेली आणि प्रवासी धंद्यात पार फसलेली, तीही मुंबईला आलीय, १८७० मध्ये मुंबई ते एडन तारेची केबल टाकायला.

आणि आपली माणसं. सावरकर जून १९०६ मध्ये मुंबईहून पी अँड ओ च्या 'पर्शिया'ने लंडनला निघाले, आणि ८ जुलै १९१० ला मार्सेलिसला ज्या 'मोरिया'तून त्यांनी उडी घेतली तीही याच कंपनीची. पर्शिया १९१५ च्या शेवटी क्रीटजवळ टॉर्पेडोने बुडाली. बाबासाहेब आंबेडकर १९१७ ला लंडनहून परत आले तेव्हा त्यांचं सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं, ती बोट टॉर्पेडोने गेली आणि जमवलेली पुस्तकं तिच्याबरोबर. १९३० च्या गोलमेज परिषदेला ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'ने गेले, पुढच्या वर्षी गांधीजी 'राजपुताना'ने. बॅलार्ड पिअरपर्यंत रेल्वे यायची, आगगाडीतून उतरून सरळ बोटीत.

पण मला जास्त आठवण करून द्यावीशी वाटते ती बोटीवर काम करणाऱ्यांची. पी अँड ओ च्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी असायचे, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल, खाली भट्टीवर पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले, आणि सलूनमध्ये, किचनमध्ये गोवेकर. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, राहायला जागाही कमी, तांबड्या समुद्राच्या उन्हाळ्यात बॉयलरपुढे हेच. गोव्याच्या माणसांची धोबी तलावच्या बाजूला गावागावांची कुडं, म्हणजे सामायिक राहायच्या खोल्या, असायची, बोटीवर नंबर लागेपर्यंत तिथे पेटी ठेवून राहायचं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या किती घरांच्या भिंती या पगारातून उभ्या राहिल्या, त्याची नोंद कुठल्या कंपनीच्या जाहिरातीत नाही. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचं खलाशी पुस्तक असेल तर कृपा करून जपून ठेवा.

भारतीय मालकीची कंपनी नव्हतीच का?

होती, आणि त्यांना चिरडायचा प्रयत्नही झाला. १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी तुतिकोरिनला स्वदेशी स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली, कोलंबोच्या मार्गावर 'गॅलिया' आणि 'लावो' अशा दोन बोटी. ब्रिटिश इंडिया या प्रतिस्पर्धी बोट कंपनीने भाडं पाडत पाडत नेलं, शेवटी फुकट न्यायची तयारी दाखवली असं सांगतात. १९०८ ला पिल्लैंना अटक आणि १९११ ला कंपनी बंद.

मग १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, म्हणजे आपले सोलापूरचे, नरोत्तम मोरारजी वगैरेंनी सिंदिया स्टीम नेव्हिगेशन काढली. त्यांची 'लॉयल्टी' ही बोट म्हणजे मूळची कॅनेडियन पॅसिफिकची १८९१ ची 'एम्प्रेस ऑफ इंडिया', व्हँकुव्हर ते हाँगकाँग धावणारी लायनर, ग्वाल्हेरच्या महाराजांनी युद्धात हॉस्पिटल शिप म्हणून घेतलेली. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. समोर पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया, दोन्ही लॉर्ड इंचकेप या ब्रिटिश उद्योगपतीच्या हातात. दरयुद्ध झालं, आणि १९२३ च्या करारात सिंदियाला किनारी वाहतुकीपुरतंच राहायला लावलं. तरी कंपनी टिकली ही साधी गोष्ट नाही.

कोकणची बोट, 'रामदास' वगैरे, यात येते का?

नाही, ती किनाऱ्याची वाहतूक. १७ जुलै १९४७ च्या रामदास दुर्घटनेवर वेगळंच लिहायला हवं, इथे दोन ओळींत उरकणं बरोबर नाही.

क्युनार्ड आणि व्हाइट स्टार एवढे हाडवैरी, मग एक कसे झाले?

अमेरिकेने १९२१ आणि १९२४ ला कायदे करून बाहेरून येणाऱ्यांचा कोटा ठरवला आणि तिसऱ्या वर्गाचा झरा आटला. बघा, झुंबरं तीच होती, पण खालचे बर्थ रिकामे झाल्यावर धंदा डगमगला. मग तोच वर्ग रंगरंगोटी करून 'टुरिस्ट थर्ड' म्हणून अमेरिकन विद्यार्थ्यांना, शिक्षकांना विकला. त्यात १९२९ ची मंदी. क्युनार्डची नवी बोट स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या गोदीत डिसेंबर १९३१ मध्ये अर्धवट थांबली, हजारो कामगार घरी, तो गंजणारा सांगाडा दोन वर्षांच्या वर गावाच्या डोळ्यांसमोर उभा. सरकार म्हणालं ९५ लाख पौंड कर्ज देतो पण आधी दोघं एक व्हा. १९३४ ला क्युनार्ड-व्हाइट स्टार झाली, बोट पूर्ण झाली, तीच 'क्वीन मेरी'.

तिची फ्रेंच प्रतिस्पर्धी 'नॉर्मंडी' माझ्या मते या सगळ्यात देखणी, १९३५ ते ३८ दोघी एकमेकींचा विक्रम मोडत होत्या. १९४२ मध्ये न्यूयॉर्कला नॉर्मंडीचं सैनिकी बोटीत रूपांतर करताना ठिणगी उडाली, आग विझवायला इतकं पाणी ओतलं की ती धक्क्यालाच कलंडली. क्वीन मेरीने मात्र युद्धात जुलै १९४३ च्या एका फेरीत १६,६८३ माणसं नेली.

मग हे सगळं संपलं कशाने?

विमानाने. १९५२ ला 'युनायटेड स्टेट्स' बोटीने ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक पार केला, आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमानं त्याच मार्गावर सुरू झाली, काही तासांचं काम. टपाल आधीच विमानाने जायला लागलं होतं, गरीब प्रवासीही गेला, राहिली फक्त हौस. क्वीन मेरी १९६७ ला निवृत्त, युनायटेड स्टेट्स १९६९ ला.

आज यातलं काय बघायला मिळतं?

ब्रुनेलची 'ग्रेट ब्रिटन', पंखा आणि लोखंडी अंग असलेली पहिली मोठी समुद्री बोट, १९७० मध्ये फॉकलंडहून ओढत आणली, ब्रिस्टलला ती बांधली त्याच गोदीत आहे. क्वीन मेरी कॅलिफोर्नियात लाँग बीचला, क्युनार्डचीच नंतरची क्वीन एलिझाबेथ २ दुबईत, दोन्ही हॉटेल. बेलफास्टला 'नोमॅडिक', टायटॅनिकला प्रवासी नेऊन देणारी छोटी बोट, व्हाइट स्टारची एवढी एकच उरलीय. हॅम्बुर्गला बालिनच्या वसाहतीच्या जागी संग्रहालय आहे, आणि एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मी तिथेच जा म्हणेन, कारण बाकी सगळीकडे बोटी बघायला मिळतात, तिथे प्रवासी भेटतात.